वाचकांचे प्रश्न: मोबाइल व्हिडिओवरून आंब्याची विक्री

प्रश्न: आमची हापूसची बाग आहे. गेल्या हंगामात ड्रोन लावून बागेची चार मिनिटांची फिल्म करून घेतली आणि यूट्यूब, इन्स्टाग्रामवर टाकली. लोकांनी पाहिली, कौतुकही केले, पण ऑर्डर जेमतेम आल्या. चुकले कुठे? (बागायतदार, देवगड)

उत्तर: ड्रोनमधून सगळ्याच बागा सारख्या दिसतात. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला दोनच शंका असतात: आंबा खरंच देवगडचा आहे का, आणि कापल्यावर आत साका (गरातला पांढरट, खराब भाग) तर निघणार नाही ना? त्याच शंकांना उत्तर देणारे 20 ते 40 सेकंदांचे व्हिडिओ करा. एका व्हिडिओत एकच गोष्ट.

काढणीपासून सुरुवात करा. झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) फळ देठासकट उतरवताना अगदी जवळून घ्या आणि देठ का राखायचा ते बोलून सांगा: देठ मुळाशी तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि फळ लवकर खराब होते. हे ऐकले की बागायतदार जाणकार आहे, हे गिऱ्हाइकाला वेगळे सांगावे लागत नाही. पुढचा व्हिडिओ आढीतले, म्हणजे गवतात पिकवलेले, फळ कापण्याचा. फळ उचलण्यापासून फोडीपर्यंत कॅमेरा थांबवू नका. मध्ये कट दिसला की विश्वास गेलाच.

फोन उभा धरा (1080 बाय 1920). पहिल्या तीन सेकंदांत नमस्कार नको, बोधचिन्ह नको, थेट फळ दाखवा. झाडाखाली ऊन-सावलीमुळे उजेड सारखा कमी-जास्त होतो, म्हणून पडद्यावर फळावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा. बरेच जण आवाज बंद ठेवून पाहतात, तेव्हा बोलणे अक्षरांतही द्या. ती अक्षरे तळाला किंवा उजव्या कडेला नकोत. रील्स आणि शॉर्ट्समध्ये तिथे बटणे आणि मजकूर येतो. व्हिडिओ दुसऱ्याकडे अपलोडसाठी पाठवायचा तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन धूसर होतो.

ऑर्डरची वाट इथेच अडते. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबून उघडत नाही. ती प्रोफाइलमध्ये लागते. व्हॉट्सॲप बिझनेसमधून शॉर्ट लिंक (दाबताच तुमच्याशी चॅट उघडणारी) बनवा आणि त्यात ‘एक पेटी हवी, माझा पिनकोड...’ असा तयार संदेश भरून ठेवा. भाव, पेटीत किती डझन आणि कधी पोहोचेल, हे उघड लिहा. ‘भाव इनबॉक्समध्ये’ वाचून गिऱ्हाईक पुढे सरकते.

आणि नंबर जपा. जून 2020 मध्ये भारतात टिकटॉक बंद झाले, तेव्हा तिथे जमवलेले फॉलोअर एका रात्रीत गेले. ज्याने पेटी घेतली त्याचा नंबर, त्याच्या संमतीने, स्वतःच्या वहीत हवा.

प्रश्न: यूट्यूबवर पैसे देऊन जाहिरात करावी का? (गृहउद्योग, रत्नागिरी)

उत्तर: माल तयार असेल तेव्हाच, आणि जिथे पोहोचवता येतो तेवढीच शहरे निवडून. ‘स्किप’ करता येणाऱ्या जाहिरातीत, प्रति व्ह्यू पैसे मोजायची पद्धत घेतली तर, पाहणाऱ्याने 30 सेकंद पाहिले (जाहिरात त्याहून लहान असल्यास पूर्ण पाहिली) किंवा तीवर क्लिक केले, तरच पैसे लागतात. स्किपचे बटण 5 सेकंदांनी येते. म्हणून वस्तू, भाव आणि शहर त्या पाच सेकंदांतच सांगून टाका: ज्याला घ्यायचे नाही तो फुकटात निघून जातो. उत्सुकता ताणून धरलीत, तर नुसत्या बघ्यांचे पैसे तुम्ही भरता. हिशेब करताना वर 18 टक्के जीएसटी धरा.

प्रश्न: व्हिडिओला सिनेमातले गाणे लावले तर चालते का? (साडीविक्रेते, येवला)

उत्तर: नाही. धंद्याच्या जाहिरातीसाठी त्या गाण्याचा परवाना लागतो. नसेल तर आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओच काढला जाऊ शकतो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत मिळते. पैठणीसाठी मात्र मागावरच्या धोट्याचा आणि फणीचा खरा आवाजच ठेवा. तो फोन मागाजवळ धरून स्वच्छ रेकॉर्ड होतो, फक्त पंखा बंद करा.