वाचकांचे प्रश्न: नवीन पीसीत जुने पोर्ट हवेतच का?

प्रश्न: नवीन पीसी असेंबल करायचाय. कीबोर्ड जुना पीएस/२ वाला (गोल पिनचा) आहे, मॉनिटरला फक्त व्हीजीए पोर्ट आहे आणि एका आयडीई (रुंद पट्टीच्या केबलवाल्या जुन्या) हार्ड डिस्कवर घरचे जुने फोटो पडलेत. हे सगळं जोडता येईल असा मदरबोर्ड शोधतोय, पण जे सापडतात ते सगळे जुन्या पिढीचे. काय करू?

उत्तर: जुन्या पोर्टसाठी जुना बोर्ड अजिबात घेऊ नका, कळकळीने सांगतोय. बोर्ड ठरवला की प्रोसेसर, रॅम, एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) सगळंच त्यावर ठरतं, मग एका कीबोर्डसाठी सगळा पीसीच मागच्या पिढीचा कशाला करायचा?

सगळ्यात आधी फोटो. आयडीई डिस्कसाठी यूएसबी कन्व्हर्टर मिळतो, फक्त डिस्क ३.५ इंची असेल तर तिला १२ व्होल्टचा वेगळा पॉवर लागतो, तो अ‍ॅडॉप्टर सोबत येतोय ना ते बघून घ्या. एकदा सगळं कॉपी करा, दोन ठिकाणी ठेवा, की त्या पोर्टची गरजच संपली. आणि हे काम पीसी येईपर्यंत लांबवू नका, इतकी जुनी डिस्क कधी बंद पडेल सांगता येत नाही.

पीएस/२ आणि व्हीजीए दोन्ही १९८७ सालचे, आयबीएमने आणलेले. पीएस/२ आजही काही नव्या बोर्डांवर असतो, असला तर वापरा, पण चालू पीसीत त्याची पिन काढघाल करू नका, तो त्यासाठी बनवलेलाच नाही. नसला तर साधा यूएसबी कीबोर्ड घ्या, बायोसमध्येही (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये) चालतो.

व्हीजीएचं जरा नीट समजून घ्या. तो अ‍ॅनालॉग आहे, एचडीएमआय डिजिटल, त्यामुळे मध्ये सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर लागतो, नुसती केबल चालत नाही. कन्व्हर्टर घेताना एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणाराच घ्या, उलटा घेतला तर चित्रच येणार नाही. अजून एक, इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असतो त्यात ग्राफिक्स नसतं, मग बोर्डवर एचडीएमआय असूनही स्क्रीन काळीच, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. खरं सांगायचं तर जमलं तर मॉनिटरच बदला, दिवसभर डोळे त्याच्याकडेच असतात.

आता जुन्या पोर्टपेक्षा मोठी अडचण नव्या एम.२ स्लॉटची (बोर्डवर एसएसडी थेट बसवायची जागा) आहे, आणि लोक तिथेच फसतात. स्लॉट एकच दिसतो पण त्यात साटावाली (जुन्या, हळू जोडणीची) एसएसडी पण बसते आणि एनव्हीएमईवाली (पीसीआयई या वेगवान जोडणीची) पण. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबतो, पीसीआयई ३.० च्या चार लेनवरची चांगली एनव्हीएमई ३५०० पर्यंत जाते. काही स्लॉट फक्त पीसीआयई घेतात, तिथे साटावाली छान बसते पण पीसीला दिसतच नाही. काही बोर्डांवर तर एम.२ भरला की एखादा साटा पोर्ट बंद होतो. हे सगळं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं आणि मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट असतं, त्यामुळे विकत घ्यायच्या आधीच वाचा.

प्रश्न: जुनी साटा एसएसडी नव्या पीसीत लावली तर पीसी स्लो होईल का?

उत्तर: नाही. त्या ड्राइव्हवरचं वाचणं-लिहिणं तेवढं तिच्या वेगाने होईल, बाकी पीसीला काही फरक नाही. विंडोज एनव्हीएमईवर टाका आणि हिच्यावर फाइल्स ठेवा, फक्त आधी तिची स्मार्ट माहिती (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघून ती किती झिजलीये ते तपासा.