घरच्या व्यायामाची सायकल घ्यायची आहे, मी आणि आई दोघंही वापरू. फ्लायव्हील किती किलोचं असावं?

फ्लायव्हीलचं, म्हणजे पेडलबरोबर फिरणाऱ्या जड चाकाचं, नंतर बघू. ‘आईही वापरेल’ असं तुम्ही जाता जाता लिहिलंय, मी त्यावर लिहिणार आहे. आईची उंची किती?

माझी आई ४ फूट १० इंच. गुडघे दुखायला लागले तेव्हा डॉक्टरांनी सायकल सुचवली. दादाने आठवडाभर ऑनलाइन शोधाशोध करून स्पिन बाइक मागवली. १३ किलोचं फ्लायव्हील, चेनऐवजी बेल्ट, १२० किलो वजन पेलणारी. डोंबिवलीच्या आमच्या हॉलमध्ये ती बसवली तेव्हा शेजारचे बघून गेले. आईने चार दिवस चालवली आणि पाचव्या दिवसापासून टाळायला लागली. लवणीत कळ येते म्हणायची. दादाचं म्हणणं, हिला व्यायामाचा कंटाळा. रोज संध्याकाळी त्याचा फोन, ‘आज केलं का?’ आणि आई चोरी पकडल्यासारखी गप्प.

एकदा ती चालवत असताना मी शेजारी फरशीवर बसून नीट पाहिलं. सीटची खिट्टी अगदी शेवटच्या भोकात होती, त्याखाली भोकच नव्हतं. तरी पेडल तळाला गेलं की आईचा चवडा सुटायचा, नुसती बोटांची टोकं टेकायची. तिथवर पाय पोचावा म्हणून ती कंबर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलवायची. प्रत्येक फेरीला. मी शिवणाची टेप आणली. तळाच्या पेडलपासून सीटपर्यंत २९ इंच. आईचा पाय जांघेपासून टाचेपर्यंत २६.

दादाला फोटो पाठवला तर म्हणे, सवय होईल. ३ इंचांची सवय कुणाला होत नाही हो! सीट उंच असली की लवण दुखते, फार खाली असली की वाटी दुखते, सायकल चालवणाऱ्या कुणालाही विचारा.

पुढे फिजिओथेरपीला गेलो. तिथे पाठ टेकून बसायची सायकल होती, रिकंबंट म्हणतात ती. तिथल्या मुलीने सीट पुढे सरकवून दिली आणि आईने १५ मिनिटं सलग चालवली. ‘बास आता’ म्हटलं तर म्हणाली, ‘अजून पाच मिनिटं.’ मी बाहेर येऊन रडले. दोन महिने आम्ही तिला आळशी म्हणत होतो.

म्हणून सांगते, आईला घेऊन दुकानात जा. अनवाणी भिंतीला टेकून उभं करा, पायांत पुस्तक वरपर्यंत घट्ट धरायला सांगा आणि जमिनीपासून पुस्तकापर्यंत मोजा. सगळ्यात खालच्या सीटपासून तळाच्या पेडलपर्यंतचं अंतर त्याहून जास्त असेल, तर ती सायकल कितीही स्वस्तात मिळो, घेऊ नका. बसल्यावर टाच पेडलवर ठेवून पाय सरळ व्हायला हवा, म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहतो. दुकानदार वजन किती पेलते ते सांगेल, हे सांगणार नाही.

आता फ्लायव्हील. घरच्या साध्या व्यायामाला ५-६ किलोचं पुरतं, फक्त रेझिस्टन्स, म्हणजे पेडलला मिळणारा अडथळा, मॅग्नेटिक (चुंबकाचा) घ्या. फेल्ट पॅडवाल्यात चाकावर घासणारा पॅड झिजतो आणि बदलावा लागतो. जड चाकाने पाय एकसारखा फिरतो हे खरं, पण बहुतेक स्पिन बाइकमध्ये पाय थांबवले तरी पेडल फिरतच राहतात. वयस्कर माणसाच्या नडगीला लागतं. तुम्ही घेतलीच, तर आईला पहिल्या दिवशी ब्रेक शिकवा. आणि सायकल स्वतः जोडणार असाल तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. जबरदस्तीने पिळलंत तर क्रँक, म्हणजे पेडल बसतं तो दांडा, कायमचा बाद.

तुमची आई साडेपाच फूट असेल तर उंचीबद्दल लिहिलेलं सोडून द्या. हृदयाचा त्रास किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे मी वरच लिहायला हवं होतं.

आमच्याकडे आता रिकंबंट आहे. तिने जागा फार अडवली, टीपॉय काढावा लागला, पण आई सकाळी चहाच्या आधी २० मिनिटं चालवते, कुणी न सांगता. स्पिन बाइक दादा ठाण्याला घेऊन गेला. तो ५ फूट ९ इंच आहे, त्याला ती मस्त बसते. सीट वरून तिसऱ्या भोकात.