सिरिंज आईच्या हातातनं काढून घे

अगं, मेसेज वाचला. पोटातली जेवणाची ट्यूब परत ब्लॉक झाली, आईवर चिडलीस, मग रडलीस, आणि आता चुलतभावाच्या लग्नाला जायचंच नाही म्हणतेस कारण सगळे जेवणार आणि तू काय करणार. होईल सगळं नीट वगैरे मी लिहिणार नाही, ते सांगायला घरी येणारे जाणारे आहेत.

माझं एकच म्हणणं. तुझं फीड, ते ट्यूबमधून जाणारं पातळ जेवण, तू दे. स्वतःच्या हाताने.

आई प्रेमाने करते, मान्य, पण तिला कुकर बघायचा असतो, बाबांचा डबा असतो, त्या घाईत ती सगळ्या गोळ्या एकत्र कुटून फीडमध्येच ढवळते, मग ब्लॉक होणार नाही तर काय! गोळ्या एकेक, वेगवेगळ्या, बारीक पूड करून कोमट पाण्यात, मध्ये थोडं साधं पाणी. फीडच्या आधी ३० एमएल पाणी, नंतर ३० एमएल. कोटिंगवाली गोळी कुटायचीच नाही, डॉक्टरांना सिरप मिळेल का विचार. तरी अडकलंच तर सिरिंजमध्ये कोमट पाणी भरून, ट्यूबला लावून दट्ट्या हळूहळू मागे-पुढे, थोडा वेळ तसंच ठेव, परत कर. जोर नाही लावायचा. कुणी तार घाल म्हणालं तर लांबूनच नमस्कार कर. कोल्ड्रिंक ओतायला सांगणारेही भेटतात, ऐकू नकोस, आंबटाने फीड फाटतं आणि आणखी गच्च बसतं.

आणि हे आईला शिकव असं नाही म्हणत मी. तू शिक.

रेडिएशननंतर माझं गिळणं गेलं. आधी नाकातून पोटात जाणारी राइल्स ट्यूब, टेपने गाल सोलवटलेला, मग थेट पोटाला भोक पाडून बसवलेली पेग ट्यूब आली आणि घरच्यांनी मला ताब्यातच घेतलं. भाचीच्या केळवणाला मी गेले नाही. ट्यूबची लाज नव्हती गं, फीड द्यायला नणंदेला सोबत न्यावं लागलं असतं म्हणून. ते अजून डाचतं. त्याच नणंदेने एकदा फीड चालू असताना मला आडवं व्हा म्हटलं, आराम करा म्हणे! पाठ उंच हवी, फीड संपल्यावरही अर्धा-पाऊण तास, नाहीतर वर येऊन फुप्फुसात जायची भीती. तेव्हा सिरिंज घेतली ती आजतागायत कुणाला दिली नाही. नवरा म्हणतो हट्टी आहेस, माझ्या हातनं काही करून घेत नाहीस. नाही घेत. त्याला लागतं ते, कळतं मला, पण चव गेली, घास गेला, निदान पोटात किती वेगाने जाणार हे तरी मी ठरवणार की नाही? दट्ट्या काढून ठेवायचा, ट्यूबला लावलेल्या सिरिंजमध्ये फीड ओतायचं, सिरिंज वर धरली की भराभर, जरा खाली घेतली की सावकाश. मळमळलं की मीच थांबते, कुणाला हाक मारावी लागत नाही. एवढ्यासाठी हट्टी तर हट्टी.

तर लग्नाला जा. घरचं गाळलेलं फीड नेऊ नकोस, उन्हाळ्याचं लग्न आहे, आंबेल. पावडरचा डबा ने, तिथे उकळून गार केलेल्या पाण्यात कालव, कार्यालयात एखादी खोली असतेच. साडीच्या निऱ्या नेमक्या ट्यूबवर येतात, त्यापेक्षा सैल कुर्ता. पोट फुगलं तर आधी ट्यूबचं झाकण उघडून हवा काढ. आई "मी येते आत" म्हणेल. नाही म्हणायचं. गोडीत, पण नाही.

तोंडाने खात नाहीस म्हणून ब्रश सोडलायस ना? आईने सांगितलं मला. उद्यापासून सुरू कर, तोंडातली घाण लाळेबरोबर छातीत उतरली की न्यूमोनिया.

ट्यूबवर तिच्या जाडीचा नंबर छापलेला असतो, त्याला फ्रेंच साईज म्हणतात, फोटो काढून मोबाईलमध्ये ठेव. निघून आलीच तर भोक काही तासांत आवळायला लागतं, सरळ हॉस्पिटल गाठायचं, आणि नवी नीट बसलीय हे त्यांनी तपासल्याशिवाय आत थेंबही सोडायचा नाही. तिथे साईज विचारतात, तेव्हा आईला फोन लावत बसू नकोस.