वेरूळची खूण आठ किलोमीटर का सरकली?

प्रश्न : आमच्या शाळेतील नववीचे विद्यार्थी मराठवाड्यातील लेणी आणि किल्ले यांचा नकाशा तयार करत आहेत. एका जुन्या पुस्तिकेत वेरूळ लेण्यांचे स्थान २० अंश १ मिनिट ३५ सेकंद उत्तर आणि ७५ अंश १० मिनिटे ४५ सेकंद पूर्व असे दिले आहे. मोबाइलवरील नकाशात आम्ही ते २०.०१३५, ७५.१०४५ असे भरले, तर खूण लेण्यांच्या पश्चिमेला सुमारे आठ किलोमीटरवर पडली. पुस्तिका चुकली आहे का? अशी चाळीस ठिकाणे आहेत. संगणकाकडून हे रूपांतर करून घेता येईल का? (एक शिक्षक, तालुका कन्नड)

उत्तर : पुस्तिका बरोबर आहे, चूक दशांशचिन्हाच्या जागी झाली आहे. आपल्याकडे कोणी शेतकरी ‘दोन एकर वीस गुंठे’ म्हणाला, तर ते अडीच एकर होतात, २.२० एकर होत नाहीत, कारण एकराचे गुंठे चाळीस असतात. तसेच अंशाचे भाग साठ असतात. पंचांग पाहणाऱ्या घरांत हे जुनेच आहे : ६० विकलांची एक कला आणि ६० कलांचा एक अंश. पुस्तिकेतील मिनिट म्हणजे कला आणि सेकंद म्हणजे विकला.

म्हणून कलांना ६० ने आणि विकलांना ३६०० ने भागून ते अंशांत मिळवावे लागतात. पायथॉन ३ या संगणकाच्या आज्ञा लिहिण्याच्या भाषेत चलांची नावे देवनागरीत ठेवता येतात, तेव्हा मुलांना पुढील ओळी त्यांच्याच शब्दांत वाचता येतील. अंक मात्र इंग्रजी टंकावेत. देवनागरी अंक पायथॉन आज्ञेत स्वीकारत नाही.

अंश = २०
कला = १
विकला = ३५
दशांश = अंश + कला / ६० + विकला / ३६००
दशांश

पायथॉनसोबत येणाऱ्या आयडल या खिडकीत शेवटची ओळ नुसती टंकून एंटर दाबले की उत्तर दिसते : २०.०२६३८… याच रीतीने रेखांश ७५.१७९१६… येतो. ही जोडी नकाशात भरून पाहावी, खूण लेण्यांपाशी येईल. दशांशचिन्हापुढे पाच स्थळे पुरेशी आहेत, कारण अक्षांशाच्या पाचव्या स्थळाची किंमत जमिनीवर जेमतेम एक मीटर असते आणि मोबाइलचे स्थान-मापन स्वतःच काही मीटरांनी इकडेतिकडे होते. एक विकला मात्र सुमारे ३१ मीटर असते, ती गाळू नये.

उलट रूपांतरात अधिक सावध राहावे लागते. अंश वेगळे काढून उरलेला अपूर्णांक दोनदा ६० ने गुणण्याची शाळकरी रीत संगणकावर कधीकधी ‘१ कला’ऐवजी ‘० कला ६० विकला’ असे विचित्र उत्तर देते, कारण त्याच्या आत अपूर्णांक किंचित कमी साठवलेला असतो आणि पूर्णांकन अगदी शेवटी होते. त्यामुळे आधी सगळ्याच्या विकला कराव्यात, तेथेच पूर्णांक घ्यावा आणि मग वाटणी करावी, हेच मला योग्य वाटते.

एकूण = (दशांश * ३६०० + ०.५) // १
अंश = एकूण // ३६००
कला = एकूण % ३६०० // ६०
विकला = एकूण % ६०

दोन तिरप्या रेघा पूर्ण भागाकार देतात आणि टक्क्याचे चिन्ह बाकी देते. २०.०२६३९ घालून पाहिल्यास २०, १, ३५ परत मिळतात.

हातात धरण्याच्या काही जीपीएस यंत्रांवर २० अंश १.५८३ मिनिटे असा तिसराच प्रकार दिसतो. तेथे कला १.५८३ आणि विकला शून्य धरावी, सूत्र तेच. दक्षिण अक्षांश किंवा पश्चिम रेखांश असेल तर आधी धन संख्येचे रूपांतर करून मग संपूर्ण उत्तरापुढे ऋणचिन्ह लावावे. ते केवळ अंशांना लावले, तर कला-विकला उलट दिशेला मिळवल्या जातात.

चाळीस ठिकाणे भरण्यापूर्वी मुलांकडून तक्त्याच्या प्रत्येक रकान्यावर एकक लिहून घ्यावे आणि साठ किंवा त्याहून मोठी कला अथवा विकला आढळली, तर ती नोंद मूळ पुस्तिकेशी पुन्हा ताडून पाहण्यास सांगावे.