पोट सुटलेल्या फळ्या

प्रश्न (दादर): खोक्यातून आलेलं पुस्तकांचं कपाट घरीच जोडलं. फळ्या ३ फुटी, १८ मिमी जाडीच्या. वर्षभरात मधोमध वाकल्या. जाड फळ्या टाकू का?

उत्तर: एक फूट पुस्तकं वजनकाट्यावर ठेवून बघा, ७-८ किलो सहज भरतील. गुळगुळीत कागदाचे दिवाळी अंक त्याहून जड. म्हणजे तुमची एकेक फळी २०-२५ किलो बारा महिने सोसते आहे. खोक्यातल्या कपाटाच्या फळ्या बहुधा पार्टिकल बोर्डच्या, म्हणजे लाकडाचा चुरा आणि रेझिन. त्यात लाकडाचा लांब धागा नसतो, म्हणून कायमच्या ओझ्याखाली तो वाकतच राहतो. आपल्या पावसाळ्यात जरा जास्तच.

जाडीआधी टेकूचा विचार करा. टेकूंमधलं अंतर निम्मं केलं, की तितक्याच दाट लावलेल्या पुस्तकांखाली बाक सोळाव्या हिश्शावर येतो. मात्र टेकू एकाखाली एक, थेट जमिनीपर्यंत हवेत. वरच्या फळीला ठोकळा दिला आणि खालची मोकळी सोडली, तर ओझं फक्त एक मजला खाली उतरतं. तळाच्या फळीखालच्या पोकळीतही ठोकळा सरकवा. तोच हमखास विसरला जातो.

मधला टेकू नको असेल तर फळीच्या पुढच्या कडेखाली १८ मिमी रुंद, ४० मिमी उंच सागाची पट्टी लावा. उभी, आडवी नाही. अशी एक पट्टी अख्ख्या फळीपेक्षा ताठ असते. आधी फळी उलटी करून पोट वर घ्या. लॅमिनेटवर फेविकॉल नीट धरत नाही, तेवढी रेघ खरवडा, बारीक भोकं पाडा आणि मगच स्क्रू आवळा.

प्रश्न (मुलुंड): नव्या टॉवरमध्ये ६ फुटी रॅक भिंतीला आवळायला गेलो, तर प्लग पांढऱ्या भुकटीसकट बाहेर आला. घरात लहान मूल आहे.

उत्तर: मूल आहे, तर हे काम आजच करा, मुलांना फळ्या म्हणजे जिनाच वाटतो. भिंत बहुधा एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांची), वर जिप्सम प्लास्टर. अशा भिंतीत ड्रिलचा हॅमर लावला की भोक ढिलं होतं. हॅमर बंद ठेवा आणि हार्डवेअरवाल्याकडे एएसीसाठीचाच लांब नायलॉन प्लग मागा. प्लास्टरची जाडी सोडून तो ब्लॉकमध्ये रुतायला हवा. स्विचबोर्डाच्या सरळ रेषेत वर-खाली ड्रिल चालवू नका, आत वायरी असतात.

एल पट्टी सगळ्यात वरच्या जाड फळीला लावा, पाठीच्या पातळ बोर्डाला नको. स्कर्टिंगमुळे मागे फट राहते, तिथे तेवढ्याच जाडीची लाकडी चीप घाला. रॅकचं वजन जमिनीनंच घ्यायचं. पट्टी फक्त त्याला पुढे झुकू देत नाही.

प्रश्न (कांदिवली): किचनच्या रॅकमधली खुंट्यांची भोकं सैल झालीत. तेलाचा १५ किलोचा डबाही त्यावरच असतो.

उत्तर: डबा तळाशी. बाजूच्या फळ्यांना आतून लाकडी रिपा मारा, फळी त्यांवर बसेल आणि खुंट्यांना रजा मिळेल. फरशी पुसताना तळ फुगला असेल, तर त्या बोर्डात स्क्रू मारत बसू नका; फुगलेला बोर्ड पूर्ववत होत नाही.

प्रश्न (गिरगाव): आमची चाळ जुनी, जमीन लाकडी तुळयांवर. रॅक डुलतो.

उत्तर: आधी पायांखाली पाचरी देऊन तो समपातळीत आणा. मग समोरून दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले की पाठीचा बोर्ड जवळजवळ खिळे मारून ठोका. डुलणं तीच पाठ थांबवते. मी एकदा घरच्या रॅकची पाठ ‘हवा खेळू दे’ म्हणून काढली होती; आठवड्यात चौकोनाचा पतंग झाला. रॅक भिंतीलगत ठेवा, तुळया जिथे भिंतीत टेकतात तिथे. खोलीच्या मधोमध नको. आणि पुस्तकांनी गच्च भरलेली असली दोन-तीन कपाटं मांडायची असतील, तर सुताराआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा.