उजनीच्या काठी मुलांसह तंबूत राहताना डास आणि गोचिडींपासून बचाव कसा करावा?

दिवाळीच्या सुटीत आठ आणि अकरा वर्षांच्या दोन मुलांना घेऊन उजनी जलाशयाच्या काठी, करमाळ्याच्या बाजूला, दोन रात्री तंबूत राहण्याचा आपला बेत आहे आणि त्यासाठी कोणते मलम न्यावे, असे आपण विचारले आहे. मी सोलापूरचा असून गेली बारा-तेरा वर्षे जिल्ह्यातल्या माळरानांवर आणि तलावांकाठी मुक्काम करत आलो आहे. मलमाचे सांगतोच, परंतु त्याआधी तंबू कुठे ठोकायचा ते ठरवावे, कारण जागा चुकली तर कोणतेही मलम पुरे पडत नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका नोव्हेंबरात नान्नजच्या बाजूला ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर बाभळीखाली मला एक सुरेख जागा दिसली. गवत अगदी बारीक खुडलेले, माती भुसभुशीत, वर सावली. सकाळी माझ्या मोज्याच्या इलॅस्टिकखाली तीन आणि भाच्याच्या कानामागे एक गोचीड निघाली. शेतमालक हसून म्हणाले, "अहो, पावसाळाभर मेंढरं दुपारची तिथंच बसतात की!" जनावराचे रक्त पिऊन फुगलेली मादी अशाच ठिकाणी खाली गळते, मातीच्या भेगेत किंवा पाचोळ्याखाली शिरते आणि तिथे हजारो अंडी घालते. आपल्या काळ्या रानात भेगांची कमतरता नाही. त्यामुळे गवत खुडलेली, सावलीतली, 'तयार' वाटणारी जागा ही बहुधा जनावरांच्या विश्रांतीची जागा असते. लेंड्या, वाळके शेण किंवा बाभळीच्या काट्यांत अडकलेले लोकरीचे पुंजके दिसले, तर पुढे चालू लागावे.

तंबूसाठी उघडी, मुरमाड, थोडी उंच आणि वारा खेळणारी जागा निवडावी. डास वाऱ्यात नीट उडू शकत नाही, म्हणून साधा वाराही मोठे काम करतो. पाण्याच्या अगदी कडेला राहण्याचा मोह मुलांना होईल, परंतु काठावरच्या चिखलात जनावरांच्या खुरांनी पडलेल्या खळग्यांत पाणी साचते आणि तेवढ्या पाण्यातही डासांची पैदास होते. मी निदान शंभर-दीडशे पावले मागे सरकतो. उसाच्या फडालगत तर कधीच थांबू नये. आतल्या ओलसर सावलीत डास दिवसाही दबा धरून असतात. रात्री दिव्याभोवती चिलटांचा ढग जमला तर घाबरू नका, पाण्याकाठची ती चिलटे बहुतेक चावणारी नसतात.

गोचीड उडत नाही आणि उड्याही मारत नाही. ती गवताच्या पात्याच्या टोकाला पुढचे पाय पसरून बसते आणि घासून जाणाऱ्या कपड्याला चिकटून वर सरकत जाते. काही जाती तर जमिनीवरून सावजाच्या दिशेने चालत येतात. माळावर फिरताना पायाला कुसळे जिथे टोचतात, साधारण त्याच उंचीवर ती आपल्याला भेटते. म्हणून फिक्या रंगाची पूर्ण विजार घालून तिचे पायचे मोज्यांत खोचावेत. मुले हसतील, हसू द्यावे. फिक्या कापडावर चालणारी गोचीड चटकन दिसते आणि गडद रंगांकडे डास अधिक ओढले जातात, असा दुहेरी लाभ आहे.

आता मलम. डीट किंवा पिकारिडिन असलेले औषध घ्यावे. दोन्ही डास आणि गोचीड या दोहोंवर चालतात. वेष्टनावरची टक्केवारी ही किती वेळ टिकेल याची खूण असते: 10 टक्के डीट सुमारे 2 तास, तर 30 टक्के सुमारे 5 तास पुरते. उन्हाचे मलम आधी आणि हे नंतर लावावे. मुलांच्या तळहातांना, डोळ्यांभोवती आणि तोंडाजवळ ते लावू नये; मोठ्यांनी स्वतःच्या हातावर घेऊन त्यांना चोळावे. डीटमुळे चष्म्याची काडी किंवा घड्याळाचा प्लॅस्टिकचा पट्टा खराब होऊ शकतो. गवती चहाच्या जातीतल्या सिट्रोनेला तेलाचा परिणाम फार लवकर ओसरतो, आणि डास पळवणाऱ्या आवाजाच्या मोबाइल ॲपचा तर काडीचाही उपयोग नाही. गोठ्यात जनावरांच्या गोचिडींसाठी ठेवलेले औषध मात्र कपड्यांवर किंवा अंगावर चुकूनही मारू नये. ते विष आहे आणि त्याचे प्रमाण माणसासाठी ठरवलेले नसते.

कडुनिंबाच्या पाल्याची धुरी संध्याकाळी तंबूबाहेर, वाऱ्याच्या अंगाला करण्यास हरकत नाही. थोडा वेळ आराम पडतो. तंबूत मात्र धुरी किंवा कॉइल पेटवू नये. बंद तंबूत धूर कोंडतो आणि कापड पेट घेते. आत शिरताच जाळीची चेन लावण्याची सवय मुलांना पहिल्या तासातच लावावी.

रोज रात्री झोपण्यापूर्वी बॅटरी घेऊन मुलांचे अंग तपासावे: कानामागे, केसांच्या मुळाशी, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, जांघेत आणि गुडघ्यामागे. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने ती कातडीच्या अगदी लगत धरून, न पिळता, सावकाश सरळ वर ओढावी आणि जागा साबणाने धुवावी. रॉकेल, चुना, विडीचा चटका हे गावोगावचे उपाय टाळावेत, कारण डिवचलेली गोचीड पोटातले द्रव जखमेत सोडू शकते.

आजारांविषयी थोडेसे. 1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात, आढळलेला माकडताप गोचिडीमुळेच होतो. आपल्या राज्यात तो सिंधुदुर्गाकडच्या जंगलपट्ट्यात दिसला आहे, तो सोलापूरच्या माळाचा आजार नव्हे. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत अधिक लक्ष द्यावे ते स्क्रब टायफसकडे. गवता-झुडपांतल्या, डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा किड्यांच्या चाव्याने तो होतो. चावलेल्या जागी कित्येकदा विडीने भाजल्यासारखी काळी खपली धरते आणि ती दुखत नसल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. परतल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत कोणालाही जोराचा ताप आला, तर काखा-जांघा पाहून अशी खपली शोधावी आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण गवतात मुक्काम केला होता हे त्यांना सांगावे. निदान वेळेत झाले तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या औषधाने हा ताप उतरतो.