लवंगेच्या तेलाचा झोन मोठा आला, आता पुढे काय?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दात किडवणाऱ्या जंतूंवर लवंग आणि दालचिनीच्या तेलाचा काय परिणाम होतो, हा तिचा प्रोजेक्ट होता. लवंगेच्या तेलाचा झोन, म्हणजे प्लेटमध्ये जंतू न वाढलेलं वर्तुळ, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या माउथवॉशपेक्षा मोठा आला. तेव्हापासून ती म्हणते, मला यातच काम करायचंय. तिचे मामा हर्बल टूथपेस्टचा धंदा काढू म्हणतात, आजी बी.एड. कर म्हणते, शेजारी नीट देऊन बीडीएसला जायला सांगतात. आमच्या नारळाच्या बागेत दालचिनीची झाडं आहेत. काय करावं?
— एक पालक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : नमस्कार. टूथपेस्टचा विषय तूर्त बाजूला ठेवा आणि मुलीला एम.एस्सी. करू द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचं कारण तिच्याच प्लेटमध्ये आहे.

तेल घातलेल्या खळग्याभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसलं की कोणालाही हुरूप येतो, आणि यावाच. पण वर्तुळाचा आकार नुसत्या ताकदीवर ठरत नाही. तेल पाण्यात मिसळत नाही, अगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) नीट पसरत नाही, वर उडूनही जातं. क्लोरहेक्सिडिनची पसरण्याची तऱ्हाच वेगळी. शिवाय माउथवॉशमध्ये ते साधारण ०.२ टक्के असतं आणि तेल मात्र बहुतेक वेळा निव्वळ वापरलेलं असतं. मग अमुक तमुकापेक्षा भारी, असं या दोन झोनवरून म्हणता येत नाही. तिला विचारा, तेल मिसळायला ट्वीन ८० घातलं होतं का? नुसत्या ट्वीनचा खळगा कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, ठेवला होता का?

खरी परीक्षा पुढे आहे. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये तेल दर खळग्याला निम्मं करत जायचं, जंतू घालायचे आणि शेवटी रेझाझुरिन हा निळा रंग टाकायचा. निळा रंग गुलाबी झाला की जंतू जिवंत. निळ्या राहिलेल्या खळग्यांतली सर्वांत कमी मात्रा म्हणजे एमआयसी, जंतूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा. इथेही एक मेख आहे : तेलाची वाफ शेजारच्या खळग्यात जाऊन तिथलेही जंतू मारते, म्हणून प्लेट नीट सील करावी लागते. हे बारकावे हाताखालून गेले की माणूस तयार होतो.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे तोंड. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा दात किडवणारा जंतू साखरेपासून चिकट ग्लुकॅन बनवतो आणि दातावर थर करून राहतो. थरातल्या जंतूंना मारायला मोकळ्या जंतूंपेक्षा कितीतरी जास्त मात्रा लागते. प्लेटमध्ये तेलाला २४ तास मिळतात, चूळ भरताना जेमतेम अर्धा मिनिट. आणि मात्रा वाढवावी तर निव्वळ लवंगतेल हिरडी भाजून काढतं. म्हणून हिरडीच्या पेशींवरची चाचणीही करावी लागते.

यावरून विषयात दम नाही असं समजू नका. लवंगतेलातलं युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दंतवैद्य आजही तात्पुरतं फिलिंग करतात. १८७९ साली निघालेल्या लिस्टरीनच्या सूत्रात थायमॉल, मेंथॉल आणि निलगिरीतलं युकॅलिप्टॉल आहे. थायमॉल म्हणजे आपल्याकडचं ओव्याचं फूल. झाडाच्या तेलातून जगभर चालणारं उत्पादन होऊ शकतं, पण त्यासाठी तेलाची मात्रा, मिश्रण आणि सुरक्षितता यांवर काम करणारी माणसं लागतात. तुमच्या मुलीने त्यांच्यातली एक व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

बीडीएस तेव्हाच, जेव्हा तिला रुग्णाच्या तोंडात हात घालून उपचार करायचे असतील. पत्रावरून तरी तिचा ओढा प्रयोगशाळेकडे दिसतो. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं. धंद्यासाठी अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, आणि प्रत्येक बॅच सारखी निघते हे दाखवता यायला हवं. ते आज घरात कोणाला येतं?

एम.एस्सी.साठी विभाग निवडताना नावापेक्षा प्रयोगशाळा पाहा. हिरड्यांच्या आजारातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा जंतू हवेत वाढतच नाही, तेव्हा अनएरोबिक जार (ऑक्सिजन काढून टाकलेली बंद बरणी) आहे का, आणि विद्यार्थी तो वापरतात का, हे तिथल्या मुलांनाच विचारा. जीसी-एमएस यंत्रावर तेलाचे घटक तपासायला मिळाले तर उत्तमच. मायक्रोबायॉलॉजी आणि तेलाचं रसायन दोन्ही येणाऱ्यांना माउथवॉश-टूथपेस्ट आणि फ्लेवर कंपन्यांच्या क्वालिटी विभागात वाव असतो. सुगंधी तेलांकडेच वळायचं झालं तर मुलुंडच्या वझे-केळकर महाविद्यालयात परफ्युमरीचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, कनौजला केंद्र सरकारचं सुगंध व सुरस विकास केंद्र आहे. केंद्रीय विद्यापीठांत एम.एस्सी. करायचं तर सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेचा फॉर्म शेवटच्या वर्षात असतानाच भरावा लागतो, तारीख चुकवू नका.

आणि बागेचं म्हणाल तर तिच्या एम.एस्सी.च्या प्रबंधाला तिथेच विषय आहे. दालचिनीच्या सालीच्या तेलात मुख्यतः सिनमाल्डिहाइड असतं, पानाच्या तेलात मात्र युजेनॉल, म्हणजे लवंगेतलाच घटक. साल काढताना पानं बहुधा वाया जातात. तुमच्याच झाडांच्या सालीचं आणि पानांचं तेल क्लेव्हेंजर उपकरणावर (पाण्यात उकळून वाफेबरोबर तेल काढायचं काचेचं उपकरण) वेगवेगळं काढून, घटक तपासून, म्युटन्सच्या थरावर लावून बघायला तिला सांगा. पानं कोणत्या महिन्यात तोडली, कोवळी होती की जून, हे आतापासून वहीत लिहून ठेवायचं काम तुम्ही घ्या.